रविवारी नांदेडला जावं की नाही?

परभणीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ४१, सरकारी कार्यालयात नोकरी. दीड वर्षापूर्वी मुलाला टेनिसला सोडायला जाता जाता त्यांनी स्वतःच रॅकेट हातात घेतली. मुलगा आता १२ वर्षांचा आहे. त्यानं सहा महिन्यांत टेनिस सोडून क्रिकेट धरलं, आई मात्र अजून रोज सकाळी साडेसहाला मातीच्या कोर्टावर असते. यंदा आसपासच्या जिल्ह्यांतल्या क्लबांनी मिळून हौशी खेळाडूंची लीग ठरवली आहे. एका सामन्यात पाच लढती: दोन पुरुष एकेरी, एक पुरुष दुहेरी, एक महिला एकेरी आणि एक मिश्र दुहेरी. क्लबात नियमित खेळणाऱ्या बाई त्या एकट्याच, त्यामुळं शेवटच्या दोन्ही लढतींत नाव त्यांचंच आहे. पहिला सामना मार्चमधल्या एका रविवारी सकाळी अकराला नांदेडला, सिमेंटच्या कोर्टावर. एकेरीत समोर लहानपणापासून खेळणारी कॉलेजची मुलगी, आणि मिश्र दुहेरीत जोडीदार त्यांच्याच ऑफिसचे साहेब.

त्या लिहितात: "मार्करसोबत (क्लबात सराव देणारा खेळाडू) मी बरी खेळते. पण गेम मोजायला लागलो की हातच उचलत नाही. गेल्या रविवारी सरावाच्या एका सेटमध्ये ९ डबल फॉल्ट केले, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट फुकट दिले. साहेब काही बोलले नाहीत, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळं टीम हरेल. अजून वर्षभर तयारी करून पुढच्या वर्षी खेळावं का? मुलगा मागं लागलाय की मला तुझी मॅच बघायचीय. लेकरासमोर हरायची लाज वाटते. काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं "माझ्यामुळं टीम हरेल" हे वाक्य मी आधी बाजूला काढून ठेवते, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आपण त्याचा हिशोब मांडू. तुम्ही नांदेडला गेला नाहीत, तर महिला एकेरीत वॉकओव्हर आणि मिश्र दुहेरीतही वॉकओव्हर. बॉल उडायच्या आधीच नांदेड २-० ने पुढं, आणि तुमच्या पुरुषांना उरलेल्या तिन्ही लढती जिंकाव्याच लागणार. आता समजा तुम्ही गेलात आणि दोन्ही लढती हरलात. तरी आकडा तोच, २-०. तुमच्या जाण्यानं टीमचं यापेक्षा जास्त काही बिघडूच शकत नाही. थोडं भलं मात्र होऊ शकतं, कारण दोनातली एक लढत दुहेरी आहे आणि तिथं तुम्ही एकट्या नाही.

म्हणजे माघार घ्यायचीच असेल तर ती टीमसाठी नाही, स्वतःसाठी घेतली जाईल. तसं करायला तुम्हाला मोकळीक आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण कारण खरं असू द्या. तुम्हाला भीती आहे ती चार ओळखीच्या माणसांसमोर, साहेबांसमोर आणि लेकासमोर चुकण्याची. ही भीती खोटी नाही. चाळिशीत नवीन खेळ शिकणाऱ्या बाईला आपल्या जिल्ह्याच्या गावांत किती डोळे बघत असतात, हे मला ठाऊक आहे. मी अंबाजोगाईची.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक अपवाद सांगते. तुमच्या क्लबात तुमच्यापेक्षा चांगलं खेळणारं कुणी असेल आणि जागा एकच असेल, तर कॅप्टनला जाऊन स्पष्ट बोला. फक्त ते सोमवारी बोला. शनिवारी रात्री फोन करून "अंगात कणकण आहे" म्हणू नका.

आता "अजून वर्षभर तयारी" याबद्दल. मार्करचं काम काय असतं? तुम्हाला हवा तिथं, हव्या उंचीवर, हव्या वेगानं बॉल देणं. चांगला मार्कर तेच करतो, आणि तुमचा फोरहँड त्याच्यामुळंच बसला असणार. पण रविवारी ती मुलगी तुम्हाला हवा तिथं बॉल देणार नाही, ती नको तिथंच देईल. वर्षभर मार्करसोबत आणखी खेळलात तर मार्करसोबतचा खेळ आणखी चांगला होईल, एवढंच. तुमचं दुखणं वेगळं आहे आणि ते तुम्हीच लिहिलंय: गेम मोजायला लागलो की हात उचलत नाही. त्यावर औषध मोजणं हेच. म्हणून आजपासून रविवारपर्यंत रोज सकाळी शेवटची पंधरा मिनिटं मोजून खेळा. एक टायब्रेक खेळायचा, ७ पॉइंटचा, दोनचा फरक पडेपर्यंत. मार्करला सांगा, मला सांभाळून घेऊ नका, जिंकायला खेळा. तो नसेल तर क्लबातल्या एखाद्या काकांशी खेळा. क्रिकेटवाल्या लेकाला धरा, त्याचे हात अजून टेनिस विसरले नसतील. हरलात तरी चालेल, फक्त प्रत्येक पॉइंटच्या आधी स्कोअर मोठ्यानं म्हणा. पाच-सहा दिवसांत हात मोकळा होईल अशी खात्री मी देत नाही. पण रविवारी कोर्टावर स्वतःच्या तोंडून स्कोअर ऐकताना छातीत धस्स होणार नाही.

स्कोअर आणि रेषा यांच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. त्याला कारण आहे.

माझी पहिली स्पर्धात्मक मॅच कॉलेजात असताना झाली, वीसेक वर्षांपूर्वी. मी ६-१, ६-० अशी हरले. तो आकडा आठवून मला काही होत नाही. दुसऱ्या सेटमध्ये समोरच्या मुलीचा एक बॉल माझ्या बेसलाइनवर पडला. रेषेवरचा चुना उडालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. अंपायर नव्हता. मी इतकी घाबरलेली होते की तोंडातून "आउट" निघून गेलं. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, काही बोलली नाही, वळली आणि मागं चालत गेली. मला तेव्हा "थांब, चुकलं माझं" म्हणता आलं असतं. त्यासाठी नियम होता, पण तो मला कुणी सांगितला नव्हता. तिचा चेहरा आता आठवत नाही. तिची पाठ आठवते.

म्हणून, ताई, हे नीट लक्षात घ्या. अशा लीगमध्ये बहुतेक वेळा खुर्चीवर अंपायर नसतो. जाळीच्या आपल्या बाजूच्या रेषांचा निर्णय ज्याचा त्यानं द्यायचा असतो. बॉल बाहेर गेला असेल तर लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल असं "आउट" म्हणायचं, हातही दाखवायचा. नीट दिसला नाही, शंका आली, तर बॉल चांगला. शंकेचा फायदा कायम समोरच्याला. तुम्ही "आउट" म्हणालात आणि मग कळलं की बॉल आत होता, तर तसं सांगा. पहिल्या वेळी तो पॉइंट पुन्हा खेळतात. मात्र समोरच्याच्या त्या फटक्यापर्यंत तुम्ही पोचणारच नव्हतात, म्हणजे तो पॉइंट जिंकणारा फटका असेल, किंवा त्याच मॅचमध्ये तुमच्याकडून आधी एकदा असा चुकीचा कॉल झाला असेल, तर पॉइंट तिचा. एक पॉइंट गेला तर जाऊ द्या.

घरी मातीच्या कोर्टावर तुम्हाला बॉलचा ठसा बघायची सवय असेल. ठसा बघून निर्णय फिरवायची सोय फक्त मातीवर आहे. सिमेंटवर रेषेजवळ जाऊन बोट दाखवत उभं राहण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी त्या क्षणी जे दिसलं तेच. समोरच्या मुलीचा कॉल चुकीचा वाटला तर "नक्की का?" एवढं एकदा विचारा आणि पुढं खेळा. वारंवार तसंच होतंय असं वाटलं तर कॅप्टनला सांगा, रेषा बघायला कुणाला तरी उभं करायला लावा. कोर्टावर तुम्ही स्वतः भांडू नका.

स्कोअर सर्व्ह करणाऱ्यानं म्हणायचा, प्रत्येक पहिल्या सर्व्हच्या आधी, समोरच्याला ऐकू जाईल एवढा. आपल्याकडच्या बायका इथं फार हळू बोलतात, पुटपुटतात. आणि मग तिसऱ्या गेमला वाद होतो: तुम्ही म्हणता थर्टी-फोर्टी, ती म्हणते फोर्टी-थर्टी (थर्टी म्हणजे दोन पॉइंट, फोर्टी म्हणजे तीन). त्यावरही साधी रीत आहे. घाबरायचं नाही, आवाज चढवायचा नाही. गेममधले पॉइंट एकेक आठवायचे. पहिल्या पॉइंटबद्दलच मतभेद असेल आणि बाकीचे दोघींना मान्य असतील, म्हणजे दोन तिचे आणि दोन तुमचे, तर थर्टी-ऑलवरून पुढं खेळायचं. जे दोघींना मान्य ते राहतं, वादातलं तेवढं पुन्हा.

आता ते ९ डबल फॉल्ट. चार पॉइंटला गेम धरला तर समोरच्याला सव्वादोन गेम रॅकेट न हलवता दिले. तुमचा पहिला सर्व्ह मार्करसमोर चांगला पडत असेल, तो रविवारी विसरा. दोन्ही सर्व्ह दुसऱ्या सर्व्हसारखे करा, सावकाश, उंचावरून, सर्व्हिस बॉक्सच्या मधोमध. ती जोरात परत मारेल का? कदाचित. पण तिलाही तो मारावा लागेल, आणि मारताना तीही चुकेल. डबल फॉल्टमध्ये तिला चुकायची संधीच मिळत नाही.

रॅलीतही एकच गोष्ट धरा: बॉल तिरका मारा, कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडं. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असते, खांबांजवळ १०७. तिरका बॉल मधल्या खालच्या भागावरून जातो. शिवाय कोर्टाची लांबी २३.७७ मीटर असली तरी एकेरीच्या कोर्टाचा कर्ण सव्वापंचवीस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे जाळी पंधरा सेंटिमीटर खाली आणि पुढं जवळपास दीड मीटर जास्त जागा. नव्या खेळाडूला याहून मोठी मदत कोर्ट करत नाही. रेषेलगत सरळ मारायचा मोह तिनं तुम्हाला बाजूला ओढलं की होईल. तो टाळा. सिमेंटवर बॉल मातीपेक्षा लवकर अंगावर येतो, म्हणून रॅकेट मागं न्यायची घाई करा आणि मागं कमी न्या. परभणीत एखाद्या शाळेचं बास्केटबॉलचं सिमेंट मैदान आणि भिंत मिळाली तर दोन संध्याकाळी तिथं बॉल मारून घ्या. जाळी नसली तरी उसळीची सवय होईल.

कदाचित ती मुलगी जोरात मारणारी नसेलच. कदाचित फक्त उंच उंच बॉल परत टाकत राहील. असा खेळ नव्या माणसाला जास्त वैताग आणतो, आणि बाहेर आल्यावर लोक म्हणतात, "ती काही खेळतच नव्हती, नुसता बॉल परत देत होती." बॉल परत देणं हाच खेळ आहे. तुम्हालाही तोच खेळायचाय.

पॉइंट गेल्यावर काय करायचं, हे मार्कर शिकवत नाही. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद असतात. नवखी माणसं ते वापरतच नाहीत, चूक झाली की लगबगीनं पुढचा सर्व्ह करून दुसरी चूक करतात. तुम्ही वळा, मागच्या कुंपणाकडं चार पावलं चाला, रॅकेटच्या तारांवर बोटं फिरवा, श्वास सोडा, स्कोअर आठवा, मग परत या. सेटमधला पहिला गेम सोडला तर बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. तेव्हा बसा. पाणी प्या. उभ्या राहून साहेबांना "सॉरी" म्हणू नका.

आणि किती पॉइंट जातील? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त, आणि तरी ते साधारण आहे. रॉजर फेडररनं २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर स्वतःचा हिशोब सांगितला होता: कारकिर्दीत १५२६ एकेरी सामने, त्यांतले जवळपास ८० टक्के जिंकले, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. ज्याच्याकडं बघून अर्ध्या जगानं रॅकेट उचलली, त्या माणसाचे शंभरातले ४६ पॉइंट गेले. तुमचे ६० गेले तरी तुम्ही चांगली मॅच खेळलात असं मी समजेन.

मिश्र दुहेरीबद्दल. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, ते पहिला सेट २-६ असा गमावल्यानंतर. दुसरा ६-३, आणि मग १० पॉइंटचा टायब्रेक १०-४. जोडीदार तिच्यापेक्षा १६ वर्षांनी मोठा, ग्रँड स्लॅममध्ये मुरलेला. तुमच्या साहेबांना बोपण्णाच्या जागी बसवायची गरज नाही, पण वयानं आणि मानानं मोठ्या माणसासोबत बरोबरीनं उभं राहून खेळता येतं, हे तिथं दिसतं. त्यासाठी रविवारच्या आधी, ऑफिसात नव्हे, कोर्टावर साहेबांशी दहा मिनिटं बोला. मधला बॉल कुणाचा? पहिला सर्व्ह कुणी करायचा? (ज्याचा सर्व्ह भरवशाचा त्यानं. सेटभर तोच क्रम राहतो.) "माझा" आणि "तुमचा" मोठ्यानं ओरडायचं हे ठरवून घ्या. तुम्हाला "तुमचा!" म्हणायला जड जाणार नाही, "माझा!" म्हणायला जाईल. तेच जास्त वेळा म्हणा. आणि साहेब काही बोलले नाहीत म्हणून त्यांच्या मनात राग होता असं तुम्ही धरलंय. पत्रात मला त्याचा काही पुरावा दिसला नाही. पहिल्या मॅचची धास्ती त्यांनाही असू शकते. विचारून बघा.

बाकीचं थोडक्यात. मार्चमधले अकरा म्हणजे आपल्याकडं ऊन चटका देऊ लागलेलं. टोपी, दोन बाटल्या पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेलं पाणी एका बाटलीत ठेवा, चमचा चहाचा. घरून निघताना सुशीला (चुरमुऱ्यांचा) खा, पोट भरेल आणि जड होणार नाही. नांदेडला उतरल्यावर कुणी तळलेलं पुढं केलं तर मॅच झाल्यावर खा. बूट नवे घेतले असतील तर या आठवड्यातच घालून दोन सकाळी खेळा. कपडे तुम्हाला सुटसुटीत वाटतील ते, पण खिसा हवा. सर्व्ह करताना दुसरा बॉल ठेवायला जागा नसली की हात अडकतो, लक्ष जातं. खिसा नसेल तर परवा शिंप्याकडून शिवून घ्या. कॅप्टनला आजच विचारा: तिसरा सेट पूर्ण खेळायचा की त्याऐवजी १० पॉइंटचा टायब्रेक आहे? ड्यूसला (फोर्टी-फोर्टी बरोबरीला) दोन पॉइंट लागतात की एकातच निकाल? हे कोर्टावर उभं राहून कळलं तर उगं गोंधळ उडतो. सुरुवातीला पाचेक मिनिटं वॉर्म-अप मिळेल. त्यात समोरच्या मुलीला बॉल नीट द्या, ती तुम्हाला देईल. तिचा फटका बघून तिथंच हरू नका. आपले चार सर्व्ह त्याच वेळात करून घ्या.

राहिला मुलगा.

यात दोन्ही बाजूंनी बोलता येईल. काही माणसांना घरचं कुणी समोर असलं की प्रत्येक पॉइंटनंतर नजर तिकडंच जाते. तुमचं तसं होत असेल तर त्याला या वेळी घरी ठेवणं समजू शकते. पण "लेकरासमोर हरायची लाज वाटते" हे तुम्ही लिहिलंत, तिथं मी थांबले. त्यानं स्वतः हा खेळ सहा महिन्यांत सोडला. का सोडला, तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही लिहिलं नाही. क्रिकेट जास्त आवडलं असेल. किंवा एखाद्या सकाळी मोठ्या मुलांकडून हरला असेल आणि घरी बोलला नसेल. त्याच कोर्टावर आई दीड वर्ष जाते आहे, हे त्यानं रोज पाहिलंय. त्यानं तुमची मॅच बघायची म्हणून हट्ट धरलाय. जिंकताना बघायचंय असं तुमच्या पत्रात तरी कुठं नाही.

त्याला एक काम द्या. वही-पेन घेऊन बस म्हणा, प्रत्येक गेमला तुमचे डबल फॉल्ट मोजायचे. एकेरीचे वेगळे, दुहेरीचे वेगळे. दोन्हींकडं मिळून नऊच्या खाली राहिलात तर परतीच्या गाडीत तो ते सगळ्यांना सांगेल, आणि वर गेलात तर तेही सांगेल. पूर्णा स्टेशन येईपर्यंत तुम्हाला दोन्ही ऐकून घेता येईल. तिकीट तीन दिवस आधी काढून ठेवा, दोघांचं.